आई-बाबा चालत नाहीत? आधी का चालत नाहीत ते शोधा, मग व्यायाम

माझी आई ७१ वर्षांची आहे. डायबेटीसला १८ वर्षं झाली, बीपीची गोळी चालू, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि राहते डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी त्यामुळे लिफ्ट नाही. मागच्या वर्षी तिचा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.२ आला आणि डॉक्टर म्हणाले हिला रोज चालायला लावा. मग मी ठाण्याहून रोज संध्याकाळी फोन करायचे, आई आज गेलीस का चालायला, आणि ती म्हणायची हो गं जाऊन आले. चार महिने हे असंच. पुढचा रिपोर्ट आला तरी साखर तिथल्या तिथेच, म्हणून मी सुट्टी काढून आठ दिवस तिच्याकडे राहायला गेले तेव्हा कळलं की ती खाली उतरतच नव्हती. आणि मुख्य कारण गुडघे नव्हते. खोकला आला किंवा जरा भराभर चाललं की तिला थोडी लघवी होते, आणि जवळच्या बागेतल्या बाथरूमला कायम कुलूप असतं. हे ती सख्ख्या मुलीला चार महिने सांगू शकली नव्हती आणि मी तिला चार महिने आळशी समजत होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून हे लिहितेय. घरोघरी हेच चाललंय. मुंबईत देवनारला आयआयपीएस म्हणून लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, त्यांनी २०१७-१८ मध्ये देशभर ७२ हजारांहून जास्त लोकांचा सर्व्हे केला, त्यात साठीच्या पुढच्या दर चार माणसांमागे तिघांना कुठला ना कुठला जुनाट आजार निघाला. म्हणजे डायबेटीस, बीपी, सांधे, हार्ट, दमा हे सगळं नॉर्मलच धरून चालायचं. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फाईलवर डॉक्टरने लिहिलेलं असतं रोज चालणे. ते लिहिलेलं सगळे वाचतात, पण ते माणूस का चालत नाहीये हे कोणी विचारत नाही. कारण सापडलं की अर्धं काम होतं, नाही सापडलं तर कितीही चांगले बूट आणा ते कपाटातच राहतात.

पहिलं काम: एक अख्खा दिवस सोबत राहा

फोनवर नाही कळत. "का जात नाहीस" असं विचारलं की समोरच्याला ती तक्रारच वाटते आणि मग उत्तर येतं गुडघे दुखतात, कारण ते उत्तर सगळ्यांना पटतं. त्यापेक्षा सोबत उतरा. जिन्यात हात कुठे धरतात बघा, कुठल्या मजल्यावर थांबतात, थांबतात ते दम लागून की पाय दुखून, चप्पल कुठली घालतात, रस्त्यात कुत्रं दिसलं की काय करतात. गोळ्यांचा डबा बघा आणि कुठली गोळी किती वाजता ते लिहून घ्या. आणि मग चहा पिताना सहज विचारा, शेवटचं कधी छान वाटलं होतं बाहेर जाऊन? पडायची भीती वाटते का? बाहेर असताना बाथरूमचं टेन्शन येतं का? हा शेवटचा प्रश्न तुम्हीच काढायचा, ते काढणार नाहीत. मुलाने आईला विचारायला अवघड वाटत असेल तर बहिणीने, सुनेने, मावशीने विचारावं. वडिलांना जावयापेक्षा त्यांच्या मित्राने विचारलेलं बरं पडतं.

एका माणसाचं एकच कारण असेल असं पण नाही. आईची शेवटी चार निघाली.

लघवीचं आधी बोलूया कारण कोणीच बोलत नाही

बायकांमध्ये बाळंतपणं आणि पाळी गेल्यानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढतं, साखर जास्त असली की लघवी मुळातच जास्त होते, वर बीपीसाठी किंवा हार्टसाठी पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू असते. आणि मग माणूस दोन गोष्टी करतो, बाहेर जाणं बंद आणि पाणी पिणं कमी. पाणी कमी केल्याने लघवी घट्ट होऊन उलट जास्त घाई लागते, इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि चक्कर येते ते वेगळंच.

आम्ही काय केलं सांगते. आधी डॉक्टरांना सांगून लघवीची तपासणी केली, इन्फेक्शन नाही ना बघायला. पाण्याची गोळी ती सकाळी ८ ला घ्यायची आणि मी तिला ९ ला चालायला पाठवत होते, म्हणजे बरोबर त्याच वेळी! डॉक्टरांनी चालायची वेळ संध्याकाळी करायला सांगितली. गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका, विचारून करा. मग फिजिओने म्हणजे फिजिओथेरपिस्टने तिला ओटीपोटाचा व्यायाम शिकवला, लघवी किंवा गॅस रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, ५ सेकंद धरायचे, ५ सेकंद सोडायचे, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही आणि हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करायचा नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका. तोपर्यंत पॅड. आई पॅडला आधी नाही म्हणाली, मग मी म्हटलं मी ऑफिसला जाताना वापरतेच की, तर घेतलं. आणि रस्ता बदलला, बागेऐवजी ओळखीच्या देवळापर्यंत जायचं जिथे बाथरूम उघडं असतं. फक्त एवढ्यावर ती खाली उतरायला लागली.

घरच्यांची माया सुद्धा आडवी येते

माझे सासरे फलटणला असतात, ७६ वर्षं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट म्हणजे जाळ्या टाकल्यात. अँजिओप्लास्टी झाली आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. बाबा तुम्ही बसा, पाणी मी आणते, पिशवी मी घेतो, गेट मी उघडतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काम करू देणं म्हणजे कमीपणा वाटतो, लोक म्हणतील सून असून सासू भांडी घासते. पण खरंच विचार करा, निरोगी म्हाताऱ्या माणसांना १० दिवस फक्त पलंगावर ठेवलं तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस म्हणजे स्नायू गेले असं अमेरिकेत २००७ मध्ये मोजून बघितलेलं आहे, आणि ती माणसं आजारी पण नव्हती! मग महिनोन् महिने बसवून ठेवलेल्या माणसाचं काय होत असेल. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं हा उपचाराचाच भाग आहे, आराम केलेला जास्त सुरक्षित असं नाहीये.

तर कामं परत द्या. भाजी निवडणं बसून होतं ते ठीक, पण कपडे वाळत घालणं, झाडांना पाणी, देवाची फुलं आणणं, दुधाची पिशवी आणणं, नातवाला बस स्टॉपवर सोडणं ही कामं उठून चालून होतात. सासऱ्यांना मी सकाळचं दूध आणायचं काम दिलं तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, पण आता त्याच त्यांना पिशवी हातात देतात.

मात्र त्यांना स्वतःलाच फार भीती वाटायची, चाललो आणि परत अटॅक आला तर. ही भीती समजावून जात नाही. ती कशाने गेली तर एक म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की किती चालायचं आणि कसं वाटलं तर थांबायचं, आकड्यात सांगितलं. आणि दुसरं, आषाढात माऊलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा त्यांचा शाळेतला मित्र दिंडीतून आला, ७४ वर्षांचा, त्यालाही डायबेटीस, आळंदीहून चालत आलेला. बाबांनी विचारलं अरे तुला जमतं कसं, तर तो म्हणाला एकटा असतो तर मी पण नसतो आलो, पुढे चालणाऱ्याकडे बघून पाय आपोआप पडतात. मी असं अजिबात म्हणत नाही की हार्टच्या पेशंटने उठून वारीला जावं, अडीचशे किलोमीटर आहे ते आणि त्याची तयारी महिनोन् महिने करावी लागते, डॉक्टरांना विचारून. पण सोबत म्हणजे काय ते बाबांना त्या दिवशी कळलं, आणि पालखी गेल्यावर तो मित्र नाही तर शेजारचे दोघंजण त्यांच्यासोबत संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्याने जायला लागले.

सोबत शोधायला ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांची फेस्कॉम म्हणून मोठी संघटना आहे. हास्यक्लब तर मुंबईतच सुरू झाले, १९९५ ला डॉ. मदन कटारियांनी अंधेरीच्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला सुरू केला. व्यायामापेक्षा तिथे "काल का नाही आलात" असं विचारणारं कोणीतरी असतं हे जास्त महत्त्वाचं. जोडीदार गेल्यानंतर जी माणसं एकदम घरात बसतात त्यांना तर हेच लागतं. आणि जेवण, झोप, बोलणं सगळंच कमी झालं असेल, कशातच मन लागत नसेल तर ते डिप्रेशन असू शकतं, त्याला उपचार आहेत, वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

गुडघे

चालल्याने गुडघे अजून झिजतील ही समजूत सगळ्यात घट्ट बसलेली आहे. उलट मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि दुखणं कमी होतं. फिजिओने आईला एक साधा नियम दिला, दुखण्याला दहापैकी मार्क दिले तर चार-पाचपर्यंत दुखलेलं चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं झालं पाहिजे, नाही झालं तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. बंद नाही करायचं, कमी करायचं. गुडघा लाल गरम होऊन सुजला असेल तर मात्र दाखवा.

जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, कठड्याला धरून. काठी घेतली तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, हे बहुतेक सगळे उलटं करतात. काठीची उंची म्हणजे हात सरळ खाली सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. तिसऱ्या मजल्याचं आम्ही असं केलं की खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून त्यांच्या दाराबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आई येताना तिथे दोन मिनिटं बसते, काकूंशी बोलते, मग वर येते. आधी वर चढायच्या धास्तीनेही ती खाली उतरायची नाही. आणि चष्मा बघा, एकाच काचेत लांबचं आणि जवळचं असा बायफोकल चष्मा घालून खाली बघितलं की पायरी धूसर दिसते, मोतीबिंदू असेल तर अजूनच. पडायची भीती म्हणतात ती कधीकधी डोळ्यांचीच असते.

साडीवर बूट

आई म्हणाली साडीवर बूट घालून बाई विचित्र दिसते. हसण्यावारी नका नेऊ हे, चाळीस वर्षं जी बाई नीटनेटकी राहिली तिला ते खरंच लागतं. मग आम्ही मागे पट्टा असलेल्या, वेलक्रोच्या, जाड मऊ तळाच्या बंद सँडल घेतल्या गडद रंगाच्या, साडीखाली कळत पण नाहीत, आणि निरी जरा वर खोचायची म्हणजे पायात येत नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात म्हणजे माप बरोबर मिळतं. हवाई स्लीपर घालून लांब चालणं बंद.

डायबेटीस जुना असेल तर तळपायाची संवेदना कमी होते, खडा टोचलेला कळत नाही, पाय भाजलेला कळत नाही. घालायच्या आधी चपलेत हात फिरवून बघायचा, आणि रात्री तळपाय आरशात बघायचे किंवा घरातल्या कोणीतरी बघायचे. देवळात अनवाणी जातात, एप्रिल-मे मध्ये दुपारी फरशी इतकी तापलेली असते की अशा माणसाच्या पायाला फोड येतात आणि त्यांना घरी येईपर्यंत पत्ता नसतो. मोजे घालू द्या, देव रागावत नाही.

शुगर आणि बीपीच्या गोळ्या

उपाशीपोटी सकाळी चालायला जाणं हा आपल्याकडे नियमच झालाय पण जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेतात त्यांची साखर त्यात एकदम खाली येऊ शकते. एकदा रस्त्यात घाम फुटून हातपाय थरथरले की माणूस परत बाहेर पडायला घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. आईचं हे दुसरं कारण होतं. आता ती जेवणानंतर थोड्या वेळाने चालते. जेवणानंतरचं चालणं तसंही जास्त उपयोगी, २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या माणसांवर झालेल्या एका अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालल्याने २४ तासांची साखर ताब्यात राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर तर एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा जास्त परिणाम झाला. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालतात.

पर्समध्ये ग्लुकोज पावडर किंवा साखर पाहिजेच. साखर ७० च्या खाली असेल किंवा मशीन नसेल आणि तसं वाटत असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासा, परत कमी असेल तर परत द्या. लाडू बर्फी नको, तुपामुळे त्यातली साखर रक्तात जायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. आणि एक, बीपी-हार्टच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर पडल्यावर होणारी धडधड आणि थरथर कमी जाणवते, घाम मात्र येतो, तेव्हा अचानक घाम आला की तपासायचं. याच गोळ्यांमुळे नाडी पण फार वाढत नाही, म्हणून मुलाने भेट दिलेल्या घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका. सोपी खूण अशी की चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत पण अभंग म्हणता येऊ नये. गप्पाच मारता येत नसतील तर वेग जास्त, अख्खा अभंग आरामात होत असेल तर जरा वाढवायला हरकत नाही.

बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्या उठल्या चक्कर येते. पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसा, पावलं वर-खाली हलवा, मग उभे राहा. रोज होत असेल तर डॉक्टरांना बसून आणि उभं राहून दोन्ही बीपी बघायला सांगा. बसल्या जागी बीपी १८० वर ११० किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टर.

दम लागणाऱ्यांचं

माझी मावशी सांगलीजवळच्या गावात असते, तिने आयुष्यात विडी-सिगारेट बघितली नाही पण तीस वर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केला आणि आता सीओपीडी म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार आहे. दम लागतो म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू अशक्त, अशक्त स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते म्हणून दम अजून जास्त. हे चक्र हळूहळू चालूनच मोडतं. तिला शिकवलं ते असं की नाकाने श्वास आत आणि गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून हळू बाहेर, आत घ्यायला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट बाहेर सोडायला. दोन पावलं आत, चार पावलं बाहेर. दम लागला की कठड्याला किंवा स्वतःच्या गुडघ्यांना हात टेकवून पुढे वाकून उभं राहायचं, बरं वाटतं. चालायच्या आधी श्वासाचा पंप (इनहेलर) घ्यायचा का हे डॉक्टरांना विचारा. थंडीत आणि शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा धूर असतो तेव्हा पहाटे नको, ऊन आल्यावर.

किती करायचं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोलाचे, आणि जुनाट आजार असलेल्यांसाठी पण हेच आहे. पण त्यातच पुढे असंही आहे की एवढं जमत नसेल तर तब्येतीला जमेल तेवढं करा, काहीच नसण्यापेक्षा थोडं चांगलं. मला वाटतं हे दुसरं वाक्य आधी सांगायला पाहिजे. कारण १५० ऐकलं की आई म्हणाली मग राहू दे.

१० हजार पावलांचं तर विसराच. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हा त्याच्या नावातून आला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० नंतर पुढे फरक पडत नव्हता.

आईने ५ मिनिटांनी सुरुवात केली. बिल्डिंगच्या गेटपर्यंत आणि परत. आठवडाभर तेच. मग दर आठवड्याला एक-दोन मिनिटं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशोब लिहिते तिथेच चाललेली मिनिटं लिहायची, मला फोनवर सांगायची गरज नाही. मी विचारणं बंद केलं आणि ती लिहायला लागली.

घरातले चार व्यायाम

पावसाळ्यात चार महिने रस्ते निसरडे, फुटपाथवर गाड्या लावलेल्या, मेमध्ये ऊन, म्हणून घरातलं काहीतरी पाहिजेच. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, चाकाची नको, प्लास्टिकची हलकी पण नको.

खुर्चीतून उठणं-बसणं हा सगळ्यात कामाचा, कारण कमोडवरून उठायला, रिक्षातून उतरायला हीच ताकद लागते. हात छातीवर ठेवून उठायचं आणि सावकाश बसायचं, नाही जमलं तर हाताचा आधार घेऊन किंवा खाली जाड उशी ठेवून. ५ पासून सुरू. मोजायचं असेल तर हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा होतं बघा, ७० ते ७४ वयात बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडायचा धोका जास्त समजतात. आईचे सुरुवातीला ६ झाले होते, पाच महिन्यांनी ११.

ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतं. पलंगावर पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ फूटभर उचलून ५ सेकंद धरणं, श्वास न रोखता. आणि तोलासाठी ओट्याला बोट टेकवून एका पावलापुढे दुसरं पाऊल असं उभं राहणं, सुरुवातीला घरात कोणी असतानाच. डोळ्यांच्या पडद्यावर डायबेटीसचा परिणाम झालेला असेल तर वजन उचलणं, जोर लावणं याबद्दल आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. फिजिओ एकदा तरी दाखवा, जिल्हा रुग्णालयात किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत फी कमी असते. आणि नुसत्या खिचडी-पेजेवर स्नायू बनत नाहीत, डाळ, उसळ, दही, अंडं ताटात पाहिजे, किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून.

लगेच थांबायचं कधी

छातीत दाब, जबडा, खांदा, हात किंवा पाठीत दुखणं, गार घाम, अचानक दम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर १०८. डायबेटीसवाल्यांना आणि बायकांना अटॅकमध्ये छातीत न दुखता फक्त दम किंवा भयंकर थकवा येऊ शकतो, म्हणून गॅस झाला असेल म्हणून ओवा देत बसू नका. हार्ट कमजोर असेल तर दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले, झोपल्यावर दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि ठराविक अंतर चाललं की पोटरी दुखते, थांबलं की राहते, परत चाललं की परत, हे वयाचं दुखणं नाही, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं असू शकतं, ते सांगाच.

खंड पडला तर

पडणारच. आईला सप्टेंबरमध्ये चिकनगुनिया झाला, तीन आठवडे सगळं बंद, सांधे धरलेले, आणि ती म्हणाली गेलं सगळं पाण्यात. बरं वाटल्यावर आम्ही पहिल्या जागेवरून नाही तर त्याच्याही मागून सुरू केलं, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, मग दारापर्यंत, मग एक जिना खाली खुर्चीपर्यंत आणि परत वर. ताप असताना व्यायाम नाही, आणि आजारपणानंतर पूर्वीच्या अर्ध्यापेक्षा जास्त सुरुवातीला नकोच. कॅलेंडरवर तीन आठवडे कोरे होते, चौथ्यात २ मिनिटं, ३ मिनिटं असं लिहिलंय. काल तिथे १८ लिहिलं होतं आणि बाजूला दूध दीड लिटर, पाहुणे.